पिंडासमोर लागलेली नोकरी

माणसाने स्वतःला चारचौघांत कसे मांडावे, हे सांगण्याचा अधिकार मला आहे, असे मी आजही मानतो. शाळा नववीत सुटली, हे मी कधी लपवले नाही. परंतु त्यानंतरचे सगळे आयुष्य पिंपरीतील एका सरकारी कचेरीच्या कुंपणालगत, लिंबाच्या झाडाखाली टेबल मांडून, मी इतरांची गाऱ्हाणी शब्दांत बसवण्यात घालवले आहे. माझा मायना वाचून पदवीधर अधिकाऱ्यांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिले आहे. रेशनकार्ड, वारसनोंद, नळजोड, पतीपासून पोटगी, असा एकही विषय नसेल ज्यावर मी 'विनंती अर्ज करितो की' असे लिहून पुढे माणसाच्या दुःखाला ताठ उभे केले नाही. आता सगळे संगणकावर गेले आहे, आणि झाडाखालची रांगही आटली आहे. तरी नोकरीचा अर्ज लिहून घ्यायला अजून माणसे येतात, कारण नोकरी मागताना माणसाला आपल्याच आवाजाची भीती वाटते.

अशा माझ्या सख्ख्या धाकट्या भावाची नोकरी गेली, तेव्हा मला चिंता वाटली नाही. काम माझ्या हातातले आहे, असेच वाटले.

तो चाकणच्या पट्ट्यातील एका कारखान्यात तपासणीला होता. तयार झालेला सुटा भाग हातात घ्यायचा, मापायचा, आणि चांगला असेल तर पुढे सोडायचा, नसेल तर बाजूला लाल खोक्यात टाकायचा, एवढेच काम त्याने तरुणपणापासून केले. मग कंपनीने ते उत्पादन दुसऱ्या राज्यात हलवले. तरुण पोरांना तिकडे नेले, आणि पंचेचाळिशीतल्या माणसांना हिशेब करून, हार घालून, गटाचा फोटो काढून घरी पाठवले. तो हार घेऊन तो कुरुळीला, भाड्याच्या दोन खोल्यांत, परत आला. आमची आई त्याच्याकडेच राहत असे. तिने विचारले, हार कशाचा? भावाने सांगितले, नोकरी संपल्याचा. दुसरा कोणी असता तर चार महिने डबा घेऊन खोटाच बाहेर पडत राहिला असता. माझ्या भावाला ते जमणारे नव्हते.

त्याचा हा स्वभाव मी आधी सांगून ठेवतो, कारण पुढचे सगळे त्यावर उभे आहे. जे नाही, ते आहे असे त्याच्या तोंडून येतच नसे. लाल खोक्याची सवय त्याच्या जिभेला लागली होती. मी त्याची माहिती लिहायला बसलो, तेव्हा 'संगणकाचे उत्तम ज्ञान' असे लिहिले. त्याने वाचले आणि बोट ठेवले.

"दादा, हे खोड. येत नाही मला."

मी म्हणालो, सगळे लिहितात. लागल्यावर शीक.

"मग 'शिकेन' असं लिही. 'येतं' असं नको."

नोकरीच्या कागदावर 'शिकेन' लिहिणारा अर्जदार मी त्यापूर्वी पाहिला नव्हता. मी ते वाक्यच गाळले. त्याला मी पिंपरीतील एका स्टुडिओत नेले. तिथे खुंटीला एक काळा कोट आणि आधीच गाठ मारून ठेवलेला टाय असतो. ज्याला हवा त्याने तो चढवायचा, आणि फोटो झाला की परत टांगायचा. भावाला तो कोट खांद्यात सैल होता. छायाचित्रकाराने पाठीमागून चिमटे लावले. फोटो मात्र झकास आला. माझा भाऊ त्यात एखाद्या बँकेचा व्यवस्थापक दिसत होता. त्याने तो बराच वेळ पाहिला, आणि म्हणाला, हा कोण आहे, याला कुठे काम करायला पाठवू नकोस, हा माझी जागा घेईल. आमच्या घरात तो विनोद बरेच दिवस चालला.

मुलाखती झाल्या. एका ठिकाणी त्याला म्हणाले, स्वतःबद्दल सांगा. तो म्हणाला, काय सांगू? ते म्हणाले, काहीही. त्याने आपले नाव, गाव आणि वय सांगितले, आणि गप्प बसला. घरी येऊन मला म्हणाला, "दादा, आपल्याबद्दल आपणच चांगलं बोलायचं म्हणजे आपला माल आपणच पास करायचा. ते दुसऱ्यानं करायचं असतं." मी त्याला समजावले की हल्ली तसे नाही. पण त्याच्या म्हणण्यात एक गोष्ट खरी होती, आणि तीच धरून मी पुढचा मार्ग आखला. त्याच्याबद्दल बोलणारा दुसरा कोणीतरी हवा होता. म्हणजेच ओळख हवी होती.

आमचे मूळ गाव दूर, बीडकडचे. या पट्ट्यात आमची ना जमीन, ना भावकी. इथल्या ओळखी कुठे होतात, हे बाहेरून आलेल्या माणसाला लवकर कळत नाही. मला ते कळले होते, कारण मी माणसांच्या गर्दीवरच जगलो आहे. इथे ओळखी होतात दहाव्याला.

ज्याने या भागातील दशक्रिया पाहिली नाही, त्याला हे खरे वाटणार नाही. नदीच्या घाटावर सकाळी मंडप, खुर्च्या, ध्वनिक्षेपक, एखाद्या महाराजांचे प्रवचन, आणि मग श्रद्धांजलीची भाषणे. पांढऱ्या कपड्यांतली शेकडो माणसे येतात. जमिनी कंपन्यांना जाऊन ज्यांच्याकडे कामगार पुरवण्याची आणि बसगाड्यांची कंत्राटे आली, ती जुन्या गावांतली घरे येतात. संघटनेचे पुढारी येतात. कधी कधी कंपनीचे अधिकारीही येतात, कारण ज्याच्या बसगाड्या कंपनीत चालतात, त्याच्याच दारात दुःख असते. लग्नाला आमंत्रण लागते, दहाव्याला लागत नाही. मेलेल्या माणसाच्या दारात कोणी कोणाला 'तू कोण' असे विचारत नाही.

मी भावाला घेऊन जाऊ लागलो. मोबाइलवर निरोप फिरत असतातच, अमक्याच्या मातोश्री, तमक्याचे वडील, अमुक घाट. मी त्याला नियम घालून दिले. इस्त्रीचा पांढरा सदरा. टोपी नको, ती इथल्यांची, आपण घातली तर सोंग दिसते. पुढच्या रांगेत बसायचे नाही आणि मागे उभे राहायचे नाही. नमस्कार दोन्ही हातांनी, पण वाकून नाही. आणि मुख्य म्हणजे घाटावर काहीही मागायचे नाही. घाटावर मागायचं नसतं, दिसायचं असतं. मागायला चार दिवसांनी जायचे, आणि 'परवा घाटावर भेट झाली होती' एवढ्यावर बोलणे सुरू करायचे. मला स्वतःला दोन ठिकाणी बोलायची विनंती झाली, आणि मी श्रद्धांजली अशी बांधली की मृताच्या नातवाने ती लिहून मागितली.

भाऊ येत असे, बसत असे. पण त्याचे एक चुकत असे. तो खरोखर प्रवचन ऐकत असे. मी डोळ्यांनी कोण आले ते टिपत असताना, तो कुणा अनोळखी म्हातारीसाठी डोळे पुसत असे. एकदा मी त्याला म्हणालो, अरे, ती आपली कोण? तो म्हणाला, "कोणीच नाही. म्हणून तर निदान रडावं. फुकट येऊन बसतोय तिच्या दारात."

या फिरण्यातून एक माणूस खरा जोडला गेला, आणि तो मुळात जवळच होता: भावाचा घरमालक. कुरुळीतले जुने घर. त्यांचे शेत ज्या कंपनीच्या भिंतीआड गेले, तिथेच ते आता माणसे पुरवीत. सगळा गाव त्यांना आबा म्हणत असे, आम्हीही म्हणू लागलो. भाडेकरू म्हणून त्यांनी भावाकडे कधी नीट पाहिले नव्हते. चार दहाव्यांना तो दिसल्यावर मात्र ते एकदा खोलीच्या दारात येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "माज्या चुलत्याच्या दहाव्याला तू व्हतास न्हवं? आन् त्या पलीकडच्या वाडीच्या बी. भल्या माणसाचं लक्षान हाय." मग बाजेवर बसलेल्या आमच्या आईकडे वळून त्यांनी विचारले, कसं काय मावशे?

आई म्हणाली, "माझं काय व्हायचंय. या लेकराला कुठं तरी लावा बाबा."

मी इतक्या युक्तीने जे वर्षभर थेट मागायचे टाळले होते, ते आईने एका श्वासात मागून टाकले. आणि ते तिने आबांकडेच मागितले असे नाही. दूधवाल्याकडे मागितले, गॅसची टाकी आणणाऱ्याकडे मागितले, मतदानाची चिठ्ठी वाटायला आलेल्या बाईंकडे मागितले. पुढे छातीत कफ होऊन तिला दवाखान्यात ठेवले, तेव्हा तपासायला आलेल्या तरुण डॉक्टरचे मनगट तिने धरले. त्यांना वाटले तिला काही दुखते आहे. ती म्हणाली, तुमच्या हितं माझ्या धाकट्याला ठेवून घ्या, लई सरळ आहे, त्याला बोलता येत नाही एवढंच. भाऊ खाटेच्या पायथ्याशी उभा राहून खिडकीबाहेर पाहू लागला. जाण्याच्या आदल्या दिवशी तिचे भान येत-जात होते. भान आले की ती एकच विचारी, "लागला का?" आणि भाऊ दर वेळी सांगे, "नाही आई, अजून नाही." माझी भावजय पदराआडून मला खूण करी, तुम्ही तरी सांगा त्यांना, हो म्हणा म्हणावं एकदा. मी त्याला बाहेर नेऊन सांगितलेही. तो म्हणाला, दादा, ती बरी होऊन घरी आली आणि डबा भरायला बसली, तर?

ती घरी आली नाही.

आमच्याकडे बापाचे थोरल्याने करायचे आणि आईचे धाकट्याने, अशी रीत आहे. म्हणून दहाव्याला इंद्रायणीच्या घाटावर पिंडासमोर तो बसला. मुंडण आम्हा दोघांचेही झाले होते. बीडकडचे दहा-पंधरा लोक येतील, असा माझा अंदाज होता. परंतु त्या सकाळी घाटावर माणसे येत राहिली. ज्यांच्या ज्यांच्या दारात माझा भाऊ वर्षभर पांढरा सदरा घालून बसला होता, ते सगळे आले होते. आमच्या आईला त्यांच्यापैकी कोणी पाहिले नव्हते. पायरीपायरीवर पांढरी माणसे, आणि मधे एका परक्या मुलखातल्या, निरक्षर बाईचा फोटो. मी आयुष्यात अनेकांची प्रतिष्ठा शब्दांत वाढवली आहे. ती मी अशी डोळ्यांसमोर उभी राहिलेली त्या दिवशी प्रथम पाहिली, आणि ती माझ्या आईची होती. मला बोलायला उभे केले गेले, आणि मी 'आमची आई' एवढेच म्हणून हात जोडले.

आबा मला बाजूला घेऊन गेले. रस्त्यावर एक पांढरी मोटार उभी होती, तिकडे त्यांनी हनुवटीने दाखवले. तीत एका नव्या कंपनीतले माणसे भरणारे अधिकारी होते. पुढे दुसऱ्या गावी त्यांना असेच एका विधीला जायचे होते, आबांनी वाटेत मुद्दाम थांबवले होते.

"तपासनीला त्यांना जाणता माणूस पायजे हाय," आबा म्हणाले. "मी शबूद टाकलाय. समदं उरकलं की त्याला नुसतं म्होरं घेऊन ये. सायबाला तोंड दिसू दे. बाकी मी बघतो."

मी विचारले, जमेल?

"सायबाच्या मनात हाय. पर आज हो म्हन, असं मी म्हननार न्हाई त्यांना."

माझ्या खिशात भावाची माहिती होती, वर कोटातला तो फोटो चिकटवलेला. मी ती काढून इस्त्रीच्या कापडावर हात फिरवावा तसा तिच्यावर हात फिरवला. इतक्यात साहेब मोटारीतून उतरून, पायताण काढून, मंडपाच्या कडेला येऊन उभे राहिले. चाळिशीचा, सभ्य चेहऱ्याचा माणूस. त्यांनी आईच्या फोटोला हात जोडले. मी भावाकडे पाहिले. ओला पंचा, उघडे अंग, नुकते केलेले मुंडण, आणि नाकाशी आलेले पाणी. असे त्याने साहेबांपुढे येऊ नये, असे मला वाटले. विधी आटोपला की त्याला आधी सदरा घालायचा, हे मी मनाशी ठरवले.

गुरुजींनी पिंड मांडले आणि सगळे मागे सरले.

कावळा येईना.

कावळे नव्हते असे नाही. पलीकडच्या बाभळीवर पाच-सहा बसले होते. एक तर खाली उतरून पिंडाभोवती एक फेरी मारून परत गेला. बाई-माणसांत कुजबुज सुरू झाली. तिची इच्छा राहिली आहे, असे कोणीतरी म्हणाले, आणि ती कोणती, हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होते. आईने ते गुपित ठेवलेच नव्हते.

माझ्या पत्नीने पुढे होऊन सांगितले, आत्याबाई, धाकट्या जाऊबाईंना आम्ही अंतर देणार नाही. कावळे हलले नाहीत. मग मी पुढे झालो. मी हात जोडून, स्पष्ट आवाजात, असे म्हणालो की, मातोश्री, आपल्या कनिष्ठ चिरंजीवांच्या उपजीविकेची जबाबदारी मी ज्येष्ठ या नात्याने स्वीकारीत असून, त्याबाबत सर्वतोपरी प्रयत्न करण्याचे वचन देत आहे. मागच्या पायरीवरून एक म्हातारा पुटपुटला, "कावळ्याला प्रयत्न चालत न्हाई, राव." दोन-चार माणसे नाकातल्या नाकात हसली. मी त्यांना दोष देत नाही. दहाव्याला हसू फुटतेच.

मग सगळ्यांच्या नजरा आबांकडे गेल्या. कोणीतरी म्हणाले, आबा, तुम्ही बोला, तुमच्या हातात आहे. आबा अस्वस्थ झाले. पिंडासमोर दिलेला शब्द हा त्या भागात स्टॅम्पपेपरपेक्षा जड असतो, आणि देणे सर्वस्वी त्यांच्या हाती नव्हते. ते एक पाऊल पुढे आले, साहेबांकडे पाहिले, आणि थांबले. साहेबांनी मनगटावरचे घड्याळ पाहिले. त्यांना पुढे जायचे होते.

गुरुजी म्हणाले, ऊन चढते आहे, दर्भाचा कावळा करून शिवून घेऊ. हे सगळीकडे चालते, आणि त्यात धर्माला बाध नाही. पण ज्याच्या घरी ते करावे लागते, त्याला ते आयुष्यभर पुरते. आमच्या आईने दारादारात पदर पसरला, आणि शेवटी तिने गवताच्या चोचीने घास घ्यायचा, हे मला सहन होईना. भावाला माझ्याहून कमी दुःख झाले असेल असे मला वाटत नाही.

तो गुडघ्यांवर पुढे सरकला. त्याने दोन्ही हात जमिनीला टेकले, आणि पिंडाजवळ तोंड नेऊन, दवाखान्यात तिच्या कानाशी बोलायचा त्या आवाजात, म्हणाला,

"आई, लागलो मी. कंपनीत लागलो. तू जेव आता."

तो जेमतेम मागे सरला असेल, की बाभळीवरून एक कावळा सरळ खाली आला, आणि त्याने पिंडाला चोच मारली. त्याच्यामागे दुसरा आला, तिसरा आला.

घाटावर सुटकेचा श्वास पसरला. बायकांनी डोळ्यांना पदर लावले. आवाज हळू असला तरी तो सगळ्यांनी ऐकला होता, कारण तेव्हा कोणी श्वासही घेत नव्हते. लोक त्याच्या पाठीवरून हात फिरवू लागले, चांगलं झालं, म्हातारीनं ऐकलं, बघ कसा आला. आबा त्याच्याजवळ गेले. त्यांच्या तोंडावर आनंद होता आणि थोडे मनाला लागलेही होते.

"लागलास व्हय रं? बोलला न्हाईस ते. कुटं?"

भावाने ओल्या पंच्याच्या टोकाने तोंड पुसले.

"ऱ्हाऊं दे, सांग सवडीनं. बरं झालं. मी सायबाला सांगतो, दुसरा एक लई मागं लागलाय, त्याचं बगा म्हनून." आणि ते मंडपाच्या कडेला गेले. साहेबांनी ऐकून मान हलवली, लांबूनच भावाकडे पाहून हात जोडले, हसले, आणि पायताण घालू लागले.

मी भावाला दंड धरून पाण्याच्या कडेला नेले. मी त्याला सगळे सांगितले. तपासणीचीच जागा, कायमची, साहेब स्वतः आलेले, आबांनी शब्द टाकलेला. मोटारीचे दार अजून उघडे होते. मी म्हणालो, चल, आत्ता चल, सदरा राहू दे. म्हण, आईसाठी बोललो. कोणाला राग येणार नाही.

त्याने मोटारीकडे पाहिले. बराच वेळ पाहिले. त्याला ती जागा हवी होती. माझ्या भावाच्या चेहऱ्यावर मी आयुष्यात इतकी हाव पाहिली नाही.

"दादा, आईनं त्या शब्दावर घास घेतला," तो म्हणाला. "आता त्यांना जाऊन सांगू, ते खोटं होतं?"

"साहेब समजून घेतील रे."

"साहेब घेतील. तिला कोण सांगणार?"

मी त्याचा दंड सोडला नाही. मी त्याला ओढले असते. वयाने मी थोरला आहे, आणि माझे बोलणे त्याने कधी मोडले नव्हते. परंतु पिंडाकडे माझी नजर गेली. कावळे खात होते. इतके दिवस उपाशी असल्यासारखे खात होते. मोटारीचे दार लागल्याचा आवाज आला. भावाने माझा हात हळूच काढला, आईची शपथ घातली की यातले आबांना काही कळवायचे नाही, आणि गुरुजींनी बोलावले म्हणून तो परत जाऊन बसला.

तेराव्याची पंगत उठल्यावर, दुसऱ्या सकाळी, तो चाकणच्या चौकात गेला. तिथे सकाळी रोजंदारीची माणसे उभी असतात, आणि ठेकेदारांचे लोक टेम्पो घेऊन येतात. ते अंगाकडे पाहतात आणि विचारतात, उचलता येईल का? माझा भाऊ म्हणाला, येईल. हे त्याला खरे बोलता आले. एका कंपनीच्या मालगोदामात खोकी भरायला त्याला हेल्पर म्हणून घेतले. रोजचे काम, ठेकेदाराचे. सांगितले तर या, नाही सांगितले तर नका येऊ. जो लाल खोक्यात माल टाकणारा माणूस होता, तो आता खोकी उचलणारा माणूस झाला. मी त्याला म्हणालो, थोडे थांब, आणखी कुठे पाहू, चांगले काही मिळेल. तो म्हणाला, "दहाव्याला सांगितलंय ना तिला, लागलो म्हणून. जेवढे दिवस थांबेन, तेवढे दिवस ते खोटं राहील."

आबांना ते लवकरच कळले, कारण ठेकेदाराच्या माणसांना अंगात नारिंगी जाकीट घालावे लागते, आणि ते दोरीवर वाळत घातलेले त्यांनी पाहिले. ते पिंपरीला माझ्या टेबलाशी आले. माझ्याकडे अर्ज लिहून घ्यायला बसलेल्या बाईंना त्यांनी थोडे थांबायला सांगितले, आणि त्यांच्या शेजारच्या लोखंडी खुर्चीवर बसले. शपथ मी मोडली नाही. त्यांना सांगावे लागलेच नाही.

"एक शबूद बोलायचा व्हता माज्याशी," ते म्हणाले. "सायब आजून इचारत्यात, तो मुंडन केल्याला माणूस कुटं लागला म्हनून. म्हनं, आईसाठी जो असा बोलतो, तो मानूस मला पायजे व्हता."

मी विचारले, आता?

"आता ती जागा भरली. दुसऱ्याला लावला न्हवं मी." आणि मग, उठता उठता, "मीच लावला."

साहेबांनी त्याला पाहिले होते ते ओल्या पंच्यात, उघड्या अंगाने, नाक वाहत असताना. माझ्या खिशातला कोट त्यांनी पाहिलाच नाही.

त्या रविवारी मी कुरुळीला गेलो. भाऊ झोपला होता, पहिली पाळी होती. भावजयीने चहा ठेवला. आईचा फोटो भिंतीला आहे, त्याखाली लाकडी फळी, फळीवर निरंजन. आणि निरंजनाच्या शेजारी, दोरीसकट, त्याचे गेटचे कार्ड. पहिल्या दिवशी त्याने ते आणून तिथे ठेवले होते, म्हणजे तिला दिसावे. रोज सकाळी तिथून उचलतो आणि आला की परत तिथेच ठेवतो, असे भावजय म्हणाली.

मी ते हातात घेतले. गेटवरच्या लहान कॅमेऱ्याने काढलेला फोटो होता. डोक्यावर नुकते खुरटे केस उगवले होते, मिशी नव्हती, आणि डोळे सुजलेले. खाली 'हेल्पर'. माझ्या आयुष्यात मी शेकडो माणसांना फोटोसाठी सरळ बसवले आहे, हनुवटी वर, खांदे मागे. या फोटोत त्याला कोणी काही सांगितले नव्हते. तो आमच्या आईसारखा दिसत होता. इतका, की मी भिंतीकडे पाहिले, आणि पुन्हा कार्डाकडे.

भावजय म्हणाली, दादा, ते जागेवर ठेवा, उठल्यावर शोधतात. मी दोरी गुंडाळून ते निरंजनाशेजारी, फोटो तिच्याकडे करून, ठेवले.